ओव्हलच्या दोन रांगा

मुंबईतील ओव्हल मैदानावर उभे राहिले की दोन काळ समोरासमोर दिसतात. पूर्वेकडे उच्च न्यायालय, विद्यापीठ आणि जुने सचिवालय यांची टोकदार कमानींची दगडी रांग. पश्चिमेकडे गोलाकार सज्ज्यांच्या, फिकट रंगांच्या निवासी इमारती. मधल्या हिरवळीने या दोन्ही काळांना सभ्य अंतरावर ठेवले आहे.

पूर्वेची रांग उभी राहिली ती किल्ल्याचा तट पडल्यावर. १८६२ मध्ये बार्टल फ्रिअर गव्हर्नर झाले आणि तट पाडून शहर मोकळे करण्याच्या कामाला वेग आला. त्याच सुमारास अमेरिकेतील यादवी युद्धामुळे लिव्हरपूलला कापूस मिळेनासा झाला व मुंबईच्या बाजारात सोने वाहू लागले. या तेजीचा मुकुटमणी म्हणजे सुरतचे जैन व्यापारी प्रेमचंद रायचंद. तेजी ऐन भरात असताना, १८६४ मध्ये, त्यांनी विद्यापीठाच्या ग्रंथालयासाठी दोन लाख आणि घड्याळाच्या मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख रुपये दिले. मनोऱ्याला आपल्या मातोश्री राजाबाई यांचे नाव द्यावे, एवढीच त्यांची अपेक्षा होती. वृद्धापकाळी दृष्टी गेलेल्या मातोश्रींना सूर्यास्तापूर्वी भोजन करण्याचा नियम पाळता यावा म्हणून हा घंटानाद, अशी आख्यायिका आजही जैन कुटुंबांत सांगितली जाते.

पुढे १८६५ मध्ये युद्ध संपले, कापूस कोसळला आणि १ जुलैला वायद्याचे देणे चुकते करण्याची वेळ येताच शेअरबाजार बुडाला. प्रेमचंदांची संपत्ती गेली, बँक ऑफ बॉम्बेही सावरू शकली नाही. शेअर तारण ठेवून शेअर घेण्यासाठीच कर्ज देण्याचा तो व्यवहार साध्या पेढीच्या मुनिमालाही पटला नसता! विद्यापीठाला दिलेले चार लाख मात्र त्या पडझडीतून वाचले. सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी, मुंबईत एकदाही पाऊल न ठेवता, आराखडा केला आणि १८७८ मध्ये सुमारे २८० फूट उंचीचा मनोरा पूर्ण झाला.

पश्चिमेची रांग समुद्र हटवून मिळवलेल्या जमिनीची. १९२० च्या दशकातील बॅकबे भरावाचा खर्च अंदाजाबाहेर गेला आणि खुर्शेद नरीमन यांनी त्यातील गैरकारभार चव्हाट्यावर आणला. त्यांचेच नाव पुढे नरीमन पॉइंटला मिळाले. तिसाव्या दशकात या भूखंडांवर सिमेंट-काँक्रीटच्या इमारती उभ्या राहिल्या. लिफ्ट, मोटारीसाठी गॅरेज, प्रत्येक बिऱ्हाडाला स्वतंत्र स्नानगृह: मुंबईच्या सुखवस्तू घरांना ही राहणी अगदी नवी होती. गजानन बाबुराव म्हात्रे यांची ‘एम्प्रेस कोर्ट’ याच रांगेत आहे. लाटा, सूर्यकिरण, पायऱ्यापायऱ्यांची शिखरे ही या इमारतींची अलंकारभाषा. ३० जून २०१८ रोजी दोन्ही रांगा, मरीन ड्राइव्हच्या इमारतींसह, युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेल्या.

खरी अडचण पश्चिमेच्या रांगेची आहे. पूर्वेच्या बहुतेक वास्तू शासनाच्या वा विद्यापीठाच्या. राजाबाई मनोऱ्याचा जीर्णोद्धारही २०१५ मध्ये देणगीतून पार पडला. पश्चिमेकडे मात्र मालक आणि भाडेकरू असे दोन हक्कदार आहेत. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठवली. फाळणीच्या धामधुमीत भाडेकरूंना हे संरक्षण आवश्यकच होते. पण गोठलेल्या भाड्यातून दुरुस्ती कशी व्हावी, याचा हिशेब कोणी मांडला नाही. १९९९ च्या कायद्याने वर्षाला चार टक्के वाढ दिली. परंतु मूळ रक्कमच क्षुल्लक, तिथे चार टक्क्यांनी काय साधणार? इकडे समुद्राचा खारा वारा काँक्रीटमध्ये शिरतो, आतील लोखंड गंजून फुगते आणि सज्ज्याला तडा जातो.

वारसा म्हणून नोंद झाली की बाह्यरूप बदलण्यावर बंधन येते. दुरुस्तीचा खर्च त्या नोंदीसोबत येत नाही. खुद्द ओव्हल मैदान विसाव्या शतकाच्या अखेरीस पुन्हा हिरवे झाले ते परिसरातील रहिवाशांनी न्यायालयात दाद मागून त्याची निगा स्वतःकडे घेतली म्हणून. तीच रीत काही इमारतींत दिसते. भाडेकरू मालकाबरोबर वर्गणी काढतात. काही ठिकाणी कोणी किती द्यायचे यावरच वर्षे जातात आणि तोवर सज्ज्याखाली जाळी बांधून ठेवावी लागते.