अगं, ते काही खरं नाही!

१९९७ साली तुम्ही इथे ब्रिटनमध्ये शाळेत जात असाल, तर तामागोची आठवत असेलच. जपानच्या बांदाई कंपनीचं ते अंड्याच्या आकाराचं खेळणं. त्यातल्या पिल्लाला वेळेवर खाऊ घालायचं, त्याची घाण काढायची, आजारी पडलं तर औषध द्यायचं. दुर्लक्ष झालं की ते मरायचं. तुम्ही रडत घरी आलात, तेव्हा आई म्हणाली असेल, "अगं, त्यात रडायचं काय? ते काही खरं नाही!"

आता तुम्ही स्वतः आई-बाबा झालात आणि आई आजी झाली. टॅब्लेटवरच्या खेळातलं मांजर हरवलं म्हणून घरातलं पोर जेवत नाही, आणि तुमच्या तोंडी तेच वाक्य येतं. ते बोलण्याआधी जरा थांबा.

ते खरं नाही, हे शाळेत जाणाऱ्या मुलांना बहुधा ठाऊक असतं. भातुकलीतला भात खोटा आहे हे कळत असूनही तुम्ही त्यावर फुंकर घातली होतीच ना? सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१२ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. ९, १२ आणि १५ वर्षांची ९० मुलं रोबोवी नावाच्या यंत्रमानवाबरोबर खेळली. मग एका मोठ्या माणसाने खेळ मध्येच थांबवून रोबोवीला कपाटात जायला सांगितलं. हे बरोबर नाही, तिथे अंधार आहे, मला भीती वाटते, असं रोबोवी म्हणाला. त्याला कपाटात ठेवायला नको होतं, असं निम्म्याहून अधिक मुलांचं मत पडलं. रोबोवीची खरेदी-विक्री झालेली मात्र मुलांना चालत होती. म्हणजे ते यंत्र आहे हे कळत होतं, तरी त्याच्याशी वाईट वागणं खटकत होतं.

याच गोष्टीचा उपयोग 'फिअरनॉट' या संगणकीय कार्यक्रमात केला गेला. ब्रिटन आणि जर्मनीतल्या शाळांत तो वापरून पाहिला. पडद्यावर एका मुलाला वर्गातली पोरं छळतात. मग तो खेळणाऱ्या मुलाकडेच सल्ला मागतो, आता मी काय करू? मूल टाइप करून उत्तर देतं. पुढच्या प्रसंगात तो सल्ला कधी उपयोगी पडतो, कधी पडत नाही. स्वतःवर बेतलेलं सांगणं जड जातं. दुसऱ्याबद्दल बोलणं सोपं असतं.

हे आपल्या घराला लागू आहे. डब्यातल्या भाजीच्या वासावरून, नावाच्या उच्चारावरून आपल्या मुलांना कधी कधी चिडवलं जातं. घरी ती सांगतातच असं नाही. पण "त्या मांजराला कुणी खेळायला घेत नव्हतं" एवढं सांगतात. त्यावर आपण "ते काही खरं नाही" म्हटलं, की बोलणं तिथेच संपतं.

त्यापेक्षा विचारा. मांजराला काय वाटलं असेल? बाकीच्यांना ते कळलं का? तू तिथे असतीस तर काय केलं असतंस? एवढं विचारून गप्प बसा. लगेच उपदेश नको. प्रत्येक मांजरामागे काही दुखणं असेलच असंही नाही. आणि एक फरक मुलांच्या कानावर घालायला विसरू नका. खेळातलं मांजर बटण दाबलं की पुन्हा हसतं. वर्गातल्या मैत्रिणीला दुखावलं, तर तिच्याकडे जाऊन सॉरी म्हणावं लागतं.

या दिवाळीत मुलांबरोबर किल्ला करणार ना? बाहेर पाऊस असेल तर घरात खोक्यांचा करा. मावळे मुलांनाच मांडू द्या. एखादा मावळा सगळ्यांपासून लांब, एकटाच उभा केलेला दिसला, तर तो सरळ करायला जाऊ नका. शेजारी बसा आणि विचारा, "हा इथे एकटा का रे?"

उत्तराची घाई नको. चकल्यांचा डबा जवळ असू द्या.