परकीयांची नोंदवही

ब्रिटिश हिंदुस्थानात परकीयांवर नजर ठेवण्याचा पहिला ठळक कायदा 1864 चा. नकोशा परदेशी माणसाला देशाबाहेर घालवण्याचा अधिकार त्याने सरकारला दिला. 1914 च्या महायुद्धात वटहुकूम निघाले आणि जर्मन नागरिकांना अहमदनगरच्या छावणीत डांबण्यात आले. रशियन क्रांतीनंतर बोल्शेविकांची धास्ती वाढली आणि 1920 मध्ये पासपोर्टचा कायदा झाला.

पण सरकारला खरी डोकेदुखी झाली ती आपल्याच माणसांची. मुंबईच्या गिरणी कामगारांत वावरणारे बेन ब्रॅडली आणि फिलिप स्प्रॅट हे कम्युनिस्ट इंग्रज, म्हणजे ब्रिटिश प्रजाजन; परकीयांचा कायदा त्यांना लागूच होत नव्हता. अशांना हद्दपार करण्यासाठी आणलेले सार्वजनिक सुरक्षा विधेयक 1928 मध्ये मध्यवर्ती विधिमंडळाचे अध्यक्ष विठ्ठलभाई पटेल यांच्या निर्णायक मताने पडले. मार्च 1929 मध्ये दोघांनाही मीरत कटाच्या खटल्यात गोवण्यात आले.

नोंदणीची पक्की यंत्रणा 1939 च्या परकीय नोंदणी कायद्याने उभी राहिली. नोंदणी अधिकाऱ्याचे काम पोलिसांकडे आले. परकीयाने हजर होऊन नाव, राष्ट्रीयत्व, पत्ता नोंदवायचा, दाखला घ्यायचा आणि मुक्काम हलवला की कळवायचे. हॉटेलवाल्यांवरही परदेशी पाहुण्यांची माहिती कळवण्याची जबाबदारी होती. त्यासाठीचा ‘फॉर्म सी’ पुढेही टिकला. नियम मोडल्यास एक वर्षापर्यंत कैद, हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

सप्टेंबर 1939 मध्ये युद्ध पेटले आणि जर्मनांची धरपकड सुरू झाली. मालाडच्या बॉम्बे टॉकीजचे दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टेन आणि छायालेखक जोसेफ विर्शिंग त्यात सापडले. पुढे ‘महल’ आणि ‘पाकिझा’चे छायालेखन करणारे ते हेच विर्शिंग. हिटलरच्या छळातून सुटून आलेले ज्यूही कागदावर जर्मन किंवा ऑस्ट्रियनच होते. शत्रूचा हस्तक कोण आणि शत्रूपासून पळालेला कोण, हे राष्ट्रीयत्वाच्या रकान्यावरून कळणे शक्यच नव्हते. नगरच्या छावणीत नाझी आणि नाझींचे बळी एकत्र आले. चौकशीनंतर काहींची सुटका झाली. नगरखेरीज देवळाली, सातारा आणि पुरंदर किल्ल्यावरही युद्धकाळात अशा लोकांना ठेवले होते.

स्वातंत्र्यानंतर 1939 चा नोंदणी कायदा तसाच राहिला. आजच्या गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव तालुक्यातील गोठणगावजवळ 1972 मध्ये तिबेटी निर्वासितांची वसाहत झाली. तिबेटी निर्वासितांनाही परकीय म्हणूनच नोंदणीचा दाखला बाळगावा लागतो आणि त्याचे नूतनीकरण करावे लागते. 1939 चा कायदा अखेर 2025 च्या नव्या परकीयविषयक कायद्याने रद्द झाला. परकीयांची नोंदणी मात्र नव्या कायद्यातही कायम आहे.