"तीनच गोळ्या द्या": अँटिबायोटिक आणि फार्मासिस्टची जबाबदारी

उद्या तुम्ही मेडिकलच्या काउंटरवर उभे असाल. एक काका येतील आणि म्हणतील, "सर्दी-ताप आहे, मागच्या वेळची सेफिक्झिम द्या. तीनच गोळ्या बस." चिठ्ठी नाही. मग तुम्ही काय कराल?

आधी शास्त्र पाहू. साधी सर्दी आणि फ्लू विषाणूंमुळे होतात. सेफिक्झिम जिवाणूची पेशीभित्तिका नीट तयार होऊ देत नाही. विषाणूला अशी भित्तिकाच नसते, मग औषध काम कुठे करणार? उलट पोटातले उपयोगी जिवाणू मरतात, जुलाब होऊ शकतात.

दुसरा धोका मोठा आहे. "शरीराला औषधाची सवय होते" असं अनेक जण म्हणतात. ते चूक आहे. बदलतं शरीर नाही, जिवाणू बदलतात. औषधाने कमजोर जिवाणू मरतात, तग धरणारे उरतात आणि वाढतात. हाच रेझिस्टन्स. असे जिवाणू घरातल्या इतरांपर्यंतही पोहोचतात. पेनिसिलिन शोधणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी 1945 च्या नोबेल व्याख्यानातच अपुऱ्या डोसबद्दल इशारा दिला होता.

आता कायदा. सेफिक्झिम शेड्यूल एच-1 मध्ये येते. हे शेड्यूल 1 मार्च 2014 पासून लागू आहे. चिठ्ठीशिवाय विक्री नाही. वेगळ्या रजिस्टरमध्ये डॉक्टरांचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव, औषध आणि संख्या लिहायची, आणि ते रजिस्टर तीन वर्षं जपायचं.

चिठ्ठी असेल तरी काम संपत नाही. हे लक्षात ठेवा:

1. पूर्वी कुठल्या औषधाची अ‍ॅलर्जी आली होती का, विचारा.
2. किती वेळा, किती दिवस, हे रुग्णाकडून परत वदवून घ्या.
3. डॉक्टरांना न विचारता मध्येच बंद करू नका, उरलेलं दुसऱ्याला देऊ नका, असं सांगा.
4. लहान मुलांचं ड्राय सिरप असेल तर उकळून गार केलेलं पाणी खुणेपर्यंत कसं घालायचं ते दाखवा.

आणि काकांना? नुसतं "मिळणार नाही" म्हणू नका, ते पुढच्या दुकानात जातील. म्हणा, "काका, सर्दीवर हे चालत नाही. ताप किती दिवस आहे? दम लागतो का? तसं असेल तर आजच डॉक्टरांना दाखवा." गिऱ्हाईक कदाचित नाराज होईल, पण उद्या खरा न्यूमोनिया झाला तर औषध लागू पडायला हवं ना?

गृहपाठ: घरातला औषधांचा डबा उघडा. लाल रेघ असलेल्या किती अर्धवट स्ट्रिप सापडल्या आणि त्या का उरल्या, हे वहीत लिहून आणा.