जोडचित्र आणि मूळ चित्रें

श्रीरामपूरास आमच्या घरीं गेल्या दिवाळींत तीन पिढ्या जमल्या. ओसरीवरील सारीं माणसें एका छायाचित्रांत मावेनात. तेव्हां पुतण्यानें चार छायाचित्रें ओळीनें घेऊन संगणकाकडून जोडविलीं. चित्र अखंड उतरलें. परंतु ताटें घेऊन माजघराच्या दारांत आलेल्या वहिनी त्यांत नव्हत्या! सांधा नेमका दारावर आला होता. एका चित्रांत दार रिकामें, दुसऱ्यांत वहिनी. यंत्रानें रिकामें दार निवडलें.

फेलिचे बेआतो यानें १८५८ सालीं लखनौचें विस्तीर्ण दृश्य अशींच छायाचित्रें शेजारीं ठेवून साधलें. आतां यंत्र लगतच्या चित्रांतील समान खुणा हुडकून सांधा जुळवितें. ब्राउन व लोव या संशोधकांनीं २००३ सालीं ही रीत माणसाच्या मदतीवांचून चालेलशी केली. यास्तव प्रत्येक चित्राचा सुमारें तृतीयांश भाग पुढच्यांत यावा, भिंग जागचें न हलवितां कॅमेरा फिरवावा, आणि सांध्यावर हलतें माणूस नसावें.

शिमग्यापूर्वीं वहिनी निवर्तल्या. पुतण्यानें मूळ चित्रें पुसलीं नव्हतीं, म्हणून ताटें घेतलेल्या वहिनी आज ओसरीच्या भिंतीवर आहेत. जोडचित्र कितीही सुबक उतरो, गृहस्थांनीं मूळ चित्रें अवश्य जपावीं.