वादळापूर्वीची बेगमी : सुरक्षित खोलीत बियाण्यालाही जागा हवी

ओडिशाच्या किनाऱ्यावर २९ ऑक्टोबर १९९९ रोजी आलेल्या महाचक्रीवादळात सुमारे १० हजार माणसे दगावली. जगतसिंहपूर जिल्ह्यातील एरसमा भागात समुद्राचे पाणी गावांत शिरले; घरे, गुरे, उभे भात सारेच गेले. त्यानंतर राज्याने आपत्ती व्यवस्थापनासाठी स्वतंत्र यंत्रणा उभारली, किनाऱ्यालगत निवारे बांधले. २०१३ च्या ‘फायलिन’ वादळात लाखो लोकांना वेळेवर हलविल्यामुळे मृत्यू पन्नासच्या आत राहिले. माणसे वाचविण्याचे काम असे बरेच साधले आहे. वाचलेल्या कुटुंबाचा पुढील हंगाम वाचविणे मात्र अद्याप ज्याच्या त्याच्या घरावरच अवलंबून आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट असावी. समुद्र किंवा खाडीलगतच्या सखल गावात, अथवा मातीच्या भिंती व पत्र्याचे छप्पर असलेल्या घरात सुरक्षित खोली असूच शकत नाही. तेथील कुटुंबाने सूचना मिळताच निवाऱ्यात जावे. किनाऱ्यापासून आत, उंचवट्यावर आणि काँक्रीटचे छत असलेले घर असेल, तर मधली, कमी खिडक्यांची खोली निवडावी.

पाण्याचा हिशेब माणशी रोज ४ लिटर धरावा. म्हणजे पाच जणांच्या कुटुंबाला तीन दिवसांसाठी ६० लिटर. २०१९ च्या ‘फनी’ वादळानंतर पुरी परिसरात वीज पूर्ववत होण्यास कित्येक आठवडे लागले, त्यामुळे विजेच्या पंपावर विसंबू नये. अन्न शिजवावे न लागणारे असावे. ओडिशात चुडा आणि गूळ, म्हणजे आपले पोहे-गूळ, हाच अशा वेळचा आधार आहे. नेहमीची औषधे, क्षारसंजीवनीची पाकिटे, विजेरी, ट्रान्झिस्टर आणि चार्ज केलेला मोबाइल हे बहुतेकांना ठाऊक असते.

बियाणे मात्र विसरले जाते. बंगालच्या उपसागरात चक्रीवादळांचे दोन हंगाम असतात : एप्रिल ते जून आणि ऑक्टोबर ते डिसेंबर. पहिल्यात खरिपाचे भातबियाणे घरात असते, तर दुसऱ्यात रब्बीचे मूग-उडीद. कोकणातही ‘निसर्ग’ वादळ ३ जून २०२० रोजी आले, ते भाताच्या पेरणीच्या तोंडावर. लावणीसाठी एकरी सुमारे २० किलो भातबियाणे लागते. दोन एकरांचे बियाणे झाकणाच्या एका पिंपात मावते, आणि ते पिंप फळीवर किंवा पोटमाळ्यावर ठेवण्यास फार जागा लागत नाही.

अडचण जागेची नाही, ओलाव्याची आहे. ओलसर बियाणे हवाबंद केल्यास ते आतच तापते व त्याची उगवणशक्ती नष्ट होते. इशारा किनाऱ्याला साधारण ४८ तास आधी मिळतो, पण तोवर आकाश झाकोळलेले असते आणि वाळवायला ऊन राहत नाही. म्हणून बियाणे हंगामाआधीच खडखडीत वाळवून भरावे. दाणा दाताखाली कट्‌कन फुटला पाहिजे. औषध चोळलेले बियाणे वेगळ्या रंगाच्या पिशवीत, ठळक खूण करून ठेवावे. अंधारात, धान्य संपल्यावर, ते कोणी शिजवून खाण्याचा धोका असतो.

शेतकऱ्याच्या घरातील पक्की खोली बहुधा कीटकनाशकांचीही खोली असते. कुटुंबाने तेथे आसरा घेण्यापूर्वी हे डबे दुसऱ्या खोलीत, पाण्याच्या पातळीहून उंच आणि कुलूपबंद ठेवावेत. बंद खोलीत डिझेल जनित्र लावू नये. त्याच्या धुरातील वायूला वास नसतो आणि तो जीव घेतो.

गुरे दावणीला बांधून ठेवू नयेत. पाणी चढले तर बांधलेल्या जनावराला सुटता येत नाही. शक्य तर त्यांना आधीच उंच जागी न्यावे आणि थोडा कोरडा चारा झाकून ठेवावा. वादळाचा मध्यभाग गावावरून जाताना वारा अचानक थांबतो व अनेकांना वादळ सरले असे वाटते. थोड्याच वेळात वारा उलट दिशेने तितक्याच जोराने येतो. या शांततेत गुरे पाहण्यासाठी बाहेर पडू नये.

जमिनीचा उतारा, बँकेचे पुस्तक, आधार कार्ड आणि पीक विम्याची पावती प्लास्टिकच्या दुहेरी पिशवीत असावी. प्रधानमंत्री पीक विमा योजनेत कापून शेतात पसरलेल्या पिकाला कापणीपासून १४ दिवसांपर्यंत चक्रीवादळापासून संरक्षण मिळू शकते, परंतु नुकसानीची सूचना ७२ तासांत द्यावी लागते. मोबाइल बंद आणि पावती भिजलेली असेल, तर हे तास पाहता पाहता निघून जातात. विस्तार कार्यकर्त्यांनी मे व ऑक्टोबरपूर्वीच्या बैठकीत ही पिशवी प्रत्यक्ष भरून घ्यावी.

वादळ ओसरल्यावर पिंप उघडून १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवावेत व आठवडाभराने मोजावेत. ८० हून कमी उगवले तर त्या प्रमाणात बियाणे वाढवावे. खाऱ्या पाण्यात भिजलेले बियाणे पेरणीसाठी वापरू नये.