स्टँड नसलेलं रग्बीचं मैदान

बालमित्रांनो, द्रुतगती मार्गावरून जाताना आपल्या मावळातलं गहुंजेचं क्रिकेट स्टेडियम तुम्ही पाहिलं असेलच. केवढं भव्य! पण महाराष्ट्रातलं रग्बीचं जुनं मैदान कुठं आहे, सांगता येईल? नाही ना? मग चला मुंबईला.

सीएसएमटी स्थानकावर उतरून थोडं चाललं, की आझाद मैदानाच्या दक्षिण टोकाला बॉम्बे जिमखाना लागतो. इथं उंच स्टँड नाहीत. समोर नुसतं हिरवंगार मैदान. थंडी-उन्हाळ्यात इथं क्रिकेट चालतं, आणि पावसाळ्यात रग्बी. पावसाळ्यातच का? अहो, या खेळात चेंडू घेऊन पळणाऱ्याला मिठी मारून खाली पाडायचं असतं, अगदी कबड्डीतल्या पकडीसारखं! भिजलेल्या मऊ मातीवर पडलं, तर कमी लागतं.

हा जिमखाना इंग्रजांनी १८७५ साली काढला. गंमत नव्हे, दुःखाची गोष्ट अशी, की भारतीयांना त्याचं सभासद होता येत नसे. डिसेंबर १९३३ मध्ये भारतातला पहिला क्रिकेट कसोटी सामना याच मैदानावर झाला. इंग्लंडविरुद्ध लाला अमरनाथ यांनी ११८ धावा काढल्या. भारताचं ते पहिलं कसोटी शतक! सामना आपण हरलो. पण ज्या क्लबाचं दार आपल्याला बंद होतं, त्याच्याच अंगणात आपल्या माणसानं पराक्रम गाजवला.

रग्बीचंही तसंच झालं. अखिल भारतीय स्पर्धा १९२४ साली सुरू झाली, तेव्हा हा साहेबांचा खेळ होता. स्वातंत्र्यानंतर तो हळूहळू आपला झाला. १९९८ साली भारताचा संघ आंतरराष्ट्रीय सामन्यात उतरला. अभिनेते राहुल बोस त्या संघात होते. आणि मुलींनो, जून २०१९ मध्ये आपल्या महिला संघानं सिंगापूरला २१-१९ असं हरवून पंधरा जणींच्या रग्बीतला पहिला विजय मिळवला!

म्हणजे बघा, मैदान कुणी आखलं यापेक्षा त्यावर कोण खेळतं, हे महत्त्वाचं. दार उघडलं, की खेळ सगळ्यांचा होतो.

शाळेच्या मैदानावर तुम्हीही गंमत करून पाहा. चेंडू हातात घेऊन पुढं पळा, पण हातानं पास द्यायचा तो फक्त बाजूला किंवा मागं! पाडापाडी मात्र नको हं, नुसतं शिवायचं. आणि खेळायला सगळ्यांना घ्यायचं बरं का!