सुतार ओळखावा तो कामावरून

उज्जैनजवळच्या भैरवगढात क्षिप्रेच्या काठी मोठ्या झाडांना अजून जागा आहे. सिद्धवटाला तर पूजेचाच मान आहे. शिवाय माळव्यात सगळीकडे दिसतात तसे कडुनिंब, पिंपळ आणि बांधांवरच्या बाभळीही आहेत. अशा ठिकाणी सुतार पक्षी शोधणारा माणूस आधी लाल तुरा शोधतो, कारण पुस्तकातल्या चित्रात तोच ठळक दिसतो. माझ्या मते हा क्रम उलटा आहे. सुतार खोडाला चिकटून असतो आणि चाहूल लागताच खोडाआड सरकतो. दाट सावलीत त्याची सोनेरी पाठही मातकट वाटते. आवाज आणि कामाची रीत मात्र त्याला लपवता येत नाही. म्हणून आधी कान द्यावा, मग तो काम कसे करतो ते पाहावे, आणि रंग शेवटी तपासावा.

आता कानावर भरवसा ठेवायचा, तर पहिली फसगत तिथेच होते. उन्हाळ्याच्या तोंडावर वडा-पिंपळावरून तासन्‌तास येणारा टुक्‌-टुक्‌ आवाज बरेच जण सुताराच्या नावावर जमा करतात. तो असतो तांबटाचा. तांबट फळे खाणारा, वडा-उंबराची फळे त्याला प्रिय. हा आवाज तो चोच मिटून, गळा फुगवून काढतो, लाकडावर काहीच आपटत नाही. ठोका एकसारखा, मध्ये ठरावीक अंतर, आणि थांबायचे नाव नाही. सुताराच्या ठोक्यांत असा ताल सापडत नाही. भक्ष्य शोधताना तो दोन-चार ठोके देतो, थांबतो, सालीचा कपचा उडवतो, थोडा वर सरकतो. पोकळीत अळी लागली की लांब, चिकट, टोकाला बारीक काटे असलेली जीभ आत जाते. ही जीभ ज्या हाडांवर चालते, ती कवटीला मागून वळसा घालून पुढे येतात, म्हणूनच ती इतकी बाहेर काढता येते. याहून वेगळा आहे तो ढोल. वाळक्या, पोकळ फांदीवर इतके जलद प्रहार की कानाला ते सुटे ऐकूच येत नाहीत, आणि क्षणात सारे संपते. यात खाण्याचा संबंध नाही. इतर पक्षी गाऊन जे सांगतात, हद्द आणि जोडीदाराला साद, ते सुतार असे वाजवून सांगतो.

जात ठरवायला हाक आणि जेवण उपयोगी पडतात. सोनपाठी सुतार मैनेहून मोठा. त्याची हाक म्हणजे कर्कश, खिदळल्यासारखी लांब माळ, आणि ती तो उडतानाही देतो. त्याचा ओढा मुंग्या आणि वाळवीकडे, त्यामुळे तो मोठ्या खोडांवर तर दिसतोच, पण जमिनीवरही उतरतो. मराठा सुतार त्याच्यापेक्षा बराच लहान, बुलबुलाएवढा. इंग्रज पक्षिशास्त्रज्ञ जॉन लॅथमने १८०१ मध्ये त्याला शास्त्रीय नाव देताना मराठ्यांचा मुलूखच त्यात गोवला. बाभळीसारखी विरळ, कोरडी झाडे त्याला मानवतात. पुष्कळदा जोडीने असतो आणि निमूटपणे किडे टिपत राहतो. अधूनमधून तीक्ष्ण ‘किक्’ किंवा शेवटी घरंगळत जाणारी ‘किक्-किक्-र्र्र’ एवढीच त्याची बोली. चिमणीपेक्षाही लहान असा तपकिरी डोक्याचा एक सुतार बारीक डहाळ्यांवर वावरतो, आणि त्याचा ढोलही तसाच क्षीण.

यावर सहज आक्षेप येईल की खिदळणारा आवाज तर खंड्याही काढतो, आणि नदीकाठी खंड्या असणारच. आक्षेप खरा आहे, आणि म्हणूनच मी आवाजाबरोबर कामाची रीत धरतो. खंड्या तारेवर किंवा उघड्या फांदीवर बसून ओरडतो आणि सरळ रेषेत उडतो. सुतार खोडावर उभा असतो, ताठ शेपटीचा टेकू घेऊन वर चढतो, आणि उडताना पंख मारून मिटतो, त्यामुळे त्याची वाट लाटेसारखी वरखाली होते. मोबाइलवरचे ॲप आवाज ऐकून नाव सांगते, मग एवढा खटाटोप कशाला, हा दुसरा प्रश्न. ॲपचे मला कौतुक आहे. पण ते फक्त नाव सुचवते. आवाज कुठून आला, तो पक्षी काय खात होता, हे पाहणाऱ्यालाच जुळवावे लागते.

रंगाची खरी गरज पडते ती एका ठिकाणी. मध्य भारतातल्या कोरड्या पानगळीच्या जंगलांत सोनेरी पाठीचा आणखी एक मोठा सुतार आहे. त्याची हाक खिदळण्याऐवजी पत्रा खडखडल्यासारखी येते, पण दुरून कान चुकू शकतो. तिथे मानेची मागची बाजू पाहिल्याशिवाय निर्णय देऊ नये: सोनपाठी सुताराची काळी असते, याची पांढरी. मान दिसलीच नाही, तर वहीत ‘सोनेरी पाठीचा सुतार, जात अनिश्चित’ एवढेच लिहावे.